गोपीनाथकाकांची शेगडी

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही.

मी मकरंद. मेकॅनिकल इंजिनिअर. मूळचा पुण्याचा, गेली बरीच वर्षं ऑकलंडमध्ये. घरातला दिवा लुकलुकला की बायको देवाचं नाव घेते आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेतो. असल्या पेजवरचे लोकांचे अनुभव वाचून मी आजवर मनसोक्त हसलोय. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तर माझी काही तक्रार नाही.

फक्त एवढंच, की त्या बोटीत मी स्वतः होतो.

ठिकाण कावाकावा बे. आमच्या फ्लॅट बुश या उपनगरातून बोट समुद्रात उतरवायला आम्ही तिथे जातो. दिवस गेल्या ऑक्टोबरमधला, लेबर वीकेंडच्या जोडून सुट्टीतला सोमवार.

आणि रात्र नव्हती. सकाळ होती, लख्ख ऊन होतं. रात्र असती तर अंधारात काहीतरी भास झाला अशी मी माझी समजूत घातली असती. तेवढीही सोय राहिलेली नाही.

सुरुवातीपासून सांगतो.

सुमेध माझा मित्र. एकाच गल्लीत राहतो. आमच्या दोघांत मिळून एक जुनी बोट आहे. फायबरची, पुढे छोटीशी केबिन, मागे बाहेर लटकणारं आउटबोर्ड इंजिन. ट्रेलरवर चढवून ती सुमेधच्या ड्राइव्हवेवर उभी असते. माझ्या ड्राइव्हवेवर बायकोची गाडी असते, आणि या विषयावर आमच्या घरी चर्चा होत नाही.

सुमेधचे वडील गोपीनाथकाका चिंचवडच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झाले होते. ते आणि शुभाकाकू दरवर्षी इकडे लांबलचक मुक्कामाला यायचे. काकांना इथलं सगळं आवडायचं, थंडी सोडून. भर उन्हाळ्यातही स्वेटर. इथला हिवाळा म्हणजे मे महिना लागला की माकडटोपी, मफलर आणि लोकरी मोज्यांवर जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला. अंगठ्यापाशी मोज्याला भोक पाडून जँडल्स चढवायचे आणि तसेच डेअरीत दूध आणायला निघायचे. सुमेधची मुलगी सिद्धी लाजेनं मागे मागे चालायची.

"आजोबा, प्लीज, नॉट विथ सॉक्स!"

"तुझे पाय गार पडले म्हणजे कळेल हो," काका म्हणायचे.

बोटीच्या केबिनमध्ये वारा लागत नाही आणि काचेतून छान ऊन येतं. काकांनी ते हेरलं. दुपारभर ते ड्राइव्हवेवरच्या त्या बोटीत जाऊन बसायचे. शब्दकोडं, चहा, डुलकी. जाताना काकूंना सांगायचे, "मी माझ्या खोलीत आहे गं."

आम्ही मासे पकडून परत आलो की इंजिनला पाण्याचा पाइप लावून ते थोडा वेळ चालू ठेवायचो, आतलं खारं पाणी धुऊन निघावं म्हणून. तेव्हा काका हमखास यायचे. यायच्या आधी दोनदा खाकरायचे. घरात सुना आहेत, आपण आल्याची वर्दी द्यावी, ही जुन्या माणसांची सवय. मग इंजिनच्या कोमट झाकणावर दोन्ही तळवे ठेवायचे.

"शेगडी आहे रे ही. मासे तुम्ही खा, मला ही शेगडी द्या."

मागच्या वर्षी मे महिन्यात काका गेले. न्यूमोनिया झाला होता. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"पाय गार पडलेत... काहीतरी पांघरूण घाला रे..."

अंगावर ब्लँकेटांचा ढीग होता. काकू तळव्यांना तळवे चोळत बसल्या होत्या. काही उपयोग झाला नाही.

काही दिवसांनी अस्थी मिळाल्या. इथे खरा प्रश्न सुरू झाला.

काकूंना लेक हजर हवी होती. मेधा, सुमेधची धाकटी बहीण, पुण्यात असते. तिचा व्हिसा, तिची सुट्टी, सगळं जुळून यायला ऑक्टोबर उजाडणार होता. शिवाय किनाऱ्यावरून विसर्जन करायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. इथली माणसं उथळ पाण्यातून शिंपले काढून खातात. तिथे राख सोडलेली माओरी लोकांना चालत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. म्हणजे बोटीनं आत खोल पाण्यात जायला हवं. ते हिवाळ्यात जमण्यासारखं नव्हतं.

मग तोवर अस्थी ठेवायच्या कुठे?

"घरात आणायच्या नाहीत," काकू म्हणाल्या. "बाहेर झाडाला बांधतात."

पुण्यातल्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनीही तेच सांगितलं. आता फ्लॅट बुशच्या नव्या वस्तीत झाड कुठून आणायचं? सुमेधच्या अंगणात एकच रोप आहे आणि तेच बिचारं काठीच्या आधारानं उभं असतं.

शेवटी सुमेध म्हणाला, "बोट बाहेरच उभी आहे ना. बोट म्हणजे काही घर नव्हे."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तांब्याचा कलश, तोंडाला लाल कापड. मीच तो केबिनच्या छताच्या कडीला नीट बांधला. इंजिन हिवाळ्यासाठी तयार केलं. गोड्या पाण्यानं धुतलं, आत तेल फवारलं, बॅटरी काढून माझ्या गराजमध्ये नेली. वरून ताडपत्रीचं कव्हर घातलं.

बोट म्हणजे घर नव्हे, असं आम्ही धरून चाललो.

कुणीच विचार केला नाही, की काका तिला काय म्हणायचे...

हिवाळा गेला. काकू रोज संध्याकाळी बोटीपाशी पणती ठेवायच्या. बाकी वेळ त्या घरी जायच्या गोष्टी करायच्या. घरी म्हणजे चिंचवडला. मेधाबरोबर परत जायचं तिकीट सुमेधनं काढलं होतं. काकूंच्या गच्चीत कढीपत्त्याचं झाड आहे, शेजारच्या सुलभाताई त्याला पाणी घालतात. "सुलभाला पानं खुडता येत नाहीत, ओरबाडते मेली," असं काकू रोज म्हणायच्या. त्या झाडासाठी, त्या गच्चीसाठी, आपल्या माणसांत जाऊन एकदा मोकळं रडण्यासाठी त्यांचा जीव तुटत होता. इथे त्या कोणासमोर रडल्या नव्हत्या.

जुलैत एका सकाळी मी सुमेधकडे गेलो. रात्री कडाक्याची थंडी पडली होती. छपरं पांढरी, गवत पांढरं, सुमेधच्या गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा.

बोटीचं कव्हर मात्र कोरडं होतं.

मागे इंजिनवर शेजाऱ्यांचं मांजर पाय पोटाशी घेऊन झोपलं होतं.

"हे रोजच इथं असतं," सुमेध म्हणाला. "हिवाळा लागल्यापासून जागा सोडत नाही."

मी म्हटलं, भिंतीच्या आडोशाला आहे, दव पडत नसेल. मांजरं काय, कुठेही झोपतात. इंजिनिअर माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं.

लेबर वीकेंडच्या आधी मेधा आली. शनिवारी विसर्जन, मंगळवारी मायलेकी विमानात, असा बेत ठरला.

शनिवारी सकाळी कावाकावा बेला पोचलो. सुट्टीमुळे बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर गर्दी होती. शेजारच्या बोटीवाल्यानं "किया ओरा" म्हणून माओरी नमस्कार केला, आमचं इंजिन बघून अंगठा दाखवला. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं होतं. मागून पाण्याची बारीक धार पडत होती.

ही धार लक्षात ठेवा. आउटबोर्ड इंजिन समुद्राचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड करतं. त्यातलं थोडं पाणी एका भोकातून बाहेर पडतं. धार चालू म्हणजे इंजिन थंड. इथले लोक म्हणतात, बोट शू करतेय ना? मग स्वीट ॲज, म्हणजे सगळं झकास.

मी सुकाणूवर. सुमेध शेजारी. मेधा आणि काकू मागे बसलेल्या, कलश काकूंच्या मांडीवर. समुद्र तळ्यासारखा शांत. पोनुई बेटाच्या दिशेनं निघालो. नांगरलेल्या बोटी मागे पडल्या. पाण्याचा रंग गडद झाला.

आणि अलार्म वाजला.

इंजिन तापल्याचा अलार्म. कर्कश, सलग.

मागे पाहिलं. धार बंद होती.

मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. फक्त बोटीच्या अंगाला पाणी चापट्या मारत होतं.

मग कोणीतरी खाकरलं. दोनदा...

मला वाटलं सुमेध. मी लक्ष दिलं नाही. झाकण उघडलं तर आतून गरम वाफ तोंडावर आली. थोडं थांबून पुन्हा सुरू केलं आणि बोट किनाऱ्याकडे वळवली. बोट वळली, तशी धार सुरू झाली. रॅम्पपर्यंत इंजिन निमूट चाललं.

"हिवाळाभर उभं होतं, पंप चिकटला असणार," मी म्हटलं. "आज दुपारी बघतो. काळजी नको, काकू."

काकू इंजिनकडे बघत होत्या.

घरी कलश त्या काठीच्या आधाराच्या रोपाला कसाबसा टेकवून ठेवला आणि मी कामाला लागलो. हिवाळ्यानंतर इंजिन तापतं त्याची कारणं ठरलेली असतात. धारेच्या भोकात किड्यांनी घर केलेलं असतं. मी तार घालून पाहिली, भोक स्वच्छ. पंपातलं रबरी चक्र वाळून तडकतं. खालचा भाग उघडला, चक्र नव्यासारखं होतं, तरी दुकानातून आणून नवीन बसवलं. उरला थर्मोस्टॅट. ती एक छोटी झडप असते, इंजिन गरम झालं की उघडते आणि पाणी सोडते. ती काढून सुमेधच्या स्वयंपाकघरात पातेल्यात उकळायला ठेवली.

"आता बोटीचीच आमटी करा," काकू म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या.

पाणी तापलं. झडप अगदी वेळेवर उघडली. काहीही बिघाड नव्हता.

रविवारी सकाळी मी आणि सुमेध दोघंच बोट घेऊन गेलो. आधी चाचणी, मग काकूंना न्यायचं. पोनुईच्या पुढे गेलो. जोरात पळवली, हळू चालवली, उगाच उभी ठेवली. धार अखंड. हात लावला तर झाकण थंड. दोन स्नॅपर मासेही मिळाले.

"झालं काम," सुमेध म्हणाला. मग म्हणाला, "मक्या, काल तू खाकरत होतास. सर्दी झालीय का?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"मी नाही खाकरलो. तूच..."

येताना आम्ही मुद्दाम क्रिकेटवर बोललो.

सोमवार उजाडला. मेधा आणि काकूंच्या बॅगा भरून दारात उभ्या होत्या. आजचाच दिवस हातात होता. हवामान सकाळी चांगलं, दुपारनंतर वारा, असा अंदाज होता. आम्ही लवकर निघालो.

रॅम्प. चावी. धार. सगळं झकास.

नांगरलेल्या बोटी मागे पडल्या. पाण्याचा रंग गडद झाला...

अलार्म.

तीच जागा. धार बंद.

आमच्या कामात एक नियम असतो. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे आहे ते कळतं. काल हेच इंजिन, हाच समुद्र, हाच पंप. मेधा आणि काकूंच्या वजनानं इंजिन तापत नसतं. मग काल नव्हतं आणि आज आहे असं बोटीत दुसरं काय होतं?

माझी नजर काकूंच्या मांडीवर गेली.

लाल कापड. तांब्याचा कलश.

मी ते कोणाला बोललो नाही. म्हटलं, शनिवारसारखं करू, किनाऱ्याकडे वळवू, चालू होईल.

चावी फिरवली. काही नाही.

पुन्हा फिरवली. टक् एवढाही आवाज नाही. बॅटरीचा काटा भरलेला दाखवत होता. वायर तपासली, फ्यूज तपासला, गिअर तपासला. मला येत होतं ते सगळं केलं. मग तेच सगळं पुन्हा केलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

आणि वारा सुटला. दुपारी येणार होता तो सकाळीच आला. पाणी बघता बघता खवळलं. बोट आडवी होऊन हेलकावे खायला लागली. नांगर टाकला, तो धरेना. रेडिओवर मदत मागितली. पलीकडचा माणूस धीर देत होता. बोट पाठवतोय, वेळ लागेल, लाइफजॅकेट घालून सगळे खाली बसा.

आम्ही वाहत चाललो होतो. पलीकडे बेटाचे खडक दिसत होते, त्यावर फुटणारं पांढरं पाणी दिसत होतं.

मेधा रडायला लागली. "दादा, टाकून दे ना इथेच... इथेच सोडू या बाबांना, प्लीज..."

सुमेध कलशाकडे हात पुढे करून थांबला. तोंडाचं लाल कापड सोडवायला गेला आणि हात मागे घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला. "मक्या, कलश गरम लागतोय."

हातात पाना होता. त्या पान्याचं करायचं काय, ते मला कळत नव्हतं.

तेव्हा काकू उठल्या.

कलश त्यांनी मेधाच्या मांडीवर दिला. हेलकावणाऱ्या बोटीत, कठडा धरत धरत, त्या मागे इंजिनपाशी गेल्या. झाकणातून वाफ निघत होती.

"काकू, हात लावू नका! भाजेल!"

त्यांनी दोन्ही तळवे झाकणावर ठेवले. सावकाश. काका ठेवायचे तसे.

"अहो," काकू म्हणाल्या.

घरात स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारावी, तशी हाक होती ती.

"अहो, पाणी गार आहे, कळतंय मला. म्हणून नाही म्हणताय ना? पण मुलांना असं अडवू नये. लेक बघा कशी रडतेय."

वारा घोंगावत होता. तरी त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू आला.

"मी कुठे जात नाहीये. तिकीट मुलांनी काढलंय, मी नाही. तुम्हाला या थंडीत एकटं टाकून मी जाणार नाही. शब्द देते. आता सोडा त्यांना."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग केबिनमधून आवाज आला. रिकाम्या केबिनमधून. आम्ही चौघंही बाहेर होतो. सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते, सगळ्यांचे ओठ मिटलेले होते.

कोणीतरी दोनदा खाकरलं...

आणि इंजिनच्या मागून धार पडायला लागली.

इंजिन बंद होतं. चावी माझ्या हातात होती. पंप इंजिनशिवाय फिरू शकत नाही, तो पंप मी स्वतः शनिवारी बसवला होता. तरी पाण्याची बारीक, वाफाळती धार समुद्रात पडत होती. मी बघत राहिलो. माझं सगळं शिक्षण त्या धारेसमोर उभं होतं.

"मकरंद, चावी फिरव," काकू म्हणाल्या.

अर्ध्या चावीला इंजिन सुरू झालं.

रेडिओवर आता मदत नको असं कळवलं आणि खडकांपासून दूर, खोल पाण्यात आम्ही विसर्जन केलं. कलश आता गार होता. सुमेधनं तो पाण्यात रिकामा केला, मेधानं फुलं सोडली. काकूंनी हात जोडले नाहीत. त्या तळवे बघत होत्या. मीही पाहिले. भाजल्याची एक खूण नव्हती.

मंगळवारी मेधा एकटीच गेली.

तिनं पाया पडून विनवलं, सुमेध चिडला, मी समजावलं. काकू, तुम्ही भीतीपोटी बोललात, त्या शब्दाला काय अर्थ आहे? काकू शांतपणे म्हणाल्या, "माणूस गेला म्हणून त्याला दिलेला शब्द जात नाही रे." बॅग उघडून त्यांनी साड्या पुन्हा कपाटात लावल्या. सुलभाताईंना फोन केला. "कढीपत्त्याचं झाड तू घेऊन जा गं तुझ्याकडे," म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या रडल्या. पहिल्यांदाच, आमच्यासमोर.

तेव्हापासून त्या दुपारी बोटीत जाऊन बसतात.

आधी आम्हाला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. उन्हाळ्यात एवढं काही वाटलं नाही. पण थंडी सुरू झाली तशा त्या सकाळपासूनच जायला लागल्या. सुमेधनं हात धरून घरात आणलं, हीटरसमोर बसवलं. हीटर भडकलेला आणि काकूंची बोटं निळी. दात वाजतायत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. बोटीत नेऊन सोडलं की थोड्या वेळात गालांवर रंग येतो.

सुमेधनं बोट विकायला काढली. एक गोरा बघायला आला. पाइप लावून इंजिन सुरू केलं तर दोन मिनिटांत अलार्म. "शीज कुक्ड, मेट," म्हणजे इंजिन कामातून गेलंय, असं म्हणून तो हसला आणि निघून गेला. त्याची गाडी वळली आणि धार सुरू झाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

आता पुन्हा ऑगस्ट आहे. बॅटरी माझ्या गराजमध्ये आहे. इंजिन मे महिन्यापासून कोणी चालू केलेलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी गेलो होतो. गवत पांढरं झालं होतं. मांजर इंजिनवर झोपलं होतं. कव्हरच्या आतून काकूंचा आवाज येत होता, हळू, रोजच्या गप्पांचा. मग त्या थांबायच्या, कोणाचं तरी ऐकून घ्यावं तशा, आणि मग हसायच्या.

मी मांजराला बाजूला केलं आणि झाकणाला हात लावला.

गरम होतं. नुकतंच बंद केल्यासारखं.

आतलं बोलणं थांबलं.

"मकरंद का रे?" काकूंनी कव्हर बाजूला करून डोकं बाहेर काढलं. अंगात साधा ब्लाउज आणि पातळ, शालसुद्धा नाही. चेहरा टवटवीत. "बरा आलास. तुझीच आठवण काढत होतो."

होतो, म्हणाल्या.

"काय काकू?"

"ऑक्टोबरात बोट काढशील ना? इंजिन नीट बघून ठेव. या वेळी तापायचं नाही ते."

"कुठे जायचंय, काकू?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"अरे, तिथेच की. आम्हाला दोघांना सोडायला."

काकूंची तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांनी कालच परत तपासलं. सुमेध मला फोनवर सांगत होता, आई आनंदी दिसते रे हल्ली, मला जरा बरं वाटायला लागलंय. मी हो म्हणालो.

रविवारचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. काय सांगणार आणि सांगून तो करणार काय...

मी बोटीतली बॅटरी जोडायची वायर कापून टाकलीय. त्यानं काही होणार नाही, ते मला माहीत आहे.